दाद कोठे मागावी?

माध्यमिक शाळेच्या इतिहासात एकाधिकारशाही राज्यांचा अभ्यास ज्या साच्यातून केला जातो, तो साचा आता पुष्कळांच्या परिचयाचा झाला आहे. सत्ता कोणत्या परिस्थितीत हाती आली, ती कोणत्या साधनांनी टिकवली गेली, राज्यकर्त्याची धोरणे कोणती होती आणि त्यांचे परिणाम काय झाले, अशा चार खणांत उत्तर मांडावयाचे, प्रत्येक खणात तीन-चार मुद्दे भरावयाचे आणि अखेरीस उपसंहाराची दोन वाक्ये लिहावयाची. इंटरनॅशनल बॅकलॉरिएटच्या, २०१७ पासून परीक्षेस लागलेल्या इतिहासाच्या अभ्यासक्रमात विसाव्या शतकातील अशा राज्यांवर स्वतंत्र घटकच असून त्याची विभागणी उदय, दृढीकरण आणि धोरणे व त्यांचे फलित अशीच केलेली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या २००६ सालच्या नववीच्या पुस्तकात नाझीवादाला एक संपूर्ण प्रकरण मिळाले. विद्यार्थ्याच्या वहीत जर्मनी, इटली आणि रशिया ही नावे ठरलेली असतात. हिटलर, मुसोलिनी आणि स्टॅलिन ही तीन माणसे ठरलेली असतात. परीक्षेच्या आदल्या रात्री सनावळीची उजळणीही ठरलेली असते.

हा साचा सर्वथा टाकाऊ आहे असे नाही. कार्यकारणाचा विचार करण्याची शिस्त त्याने लागते आणि कोवळ्या वयात ती लागणे इष्टच आहे. तथापि त्यात दोन उणिवा राहतात. पहिली अशी की, राज्य हे एका माणसाचे चरित्र होऊन बसते. त्या माणसाचे बालपण, त्याचे वक्तृत्व, त्याची क्रूरता यांचे वर्णन केले की राज्याचे वर्णन झाले, असा समज दृढ होतो. दुसरी उणीव अधिक घातक आहे. हा सारा प्रकार परक्या देशातला, परक्या स्वभावाच्या लोकांचा आणि सरून गेलेल्या काळातला आहे, असे विद्यार्थ्याला वाटू लागते. चांगले गुण मिळवून तो वर्गाबाहेर पडतो, आणि आपल्या गावाच्या भूमीवर निरंकुश सत्ता कधी नांदली होती का, हा प्रश्न त्याच्या मनात उमटतही नाही.

या दोन्ही उणिवा भरून काढण्यासाठी चार खणांच्या जोडीला एक साधा प्रश्न ठेवावा, असे येथे सुचवावयाचे आहे. राज्यातील एखाद्या माणसावर राज्यकर्त्याकडूनच अन्याय झाला, तर त्याने दाद कोठे मागावी? आणि त्याने ती मागितलीच, तर तिची नोंद कोणाच्या दप्तरी झाली? ही कसोटी लावून पाहण्यास मराठी वाचकाला बर्लिनला जाण्याची गरज नाही. कावेरीच्या खोऱ्यात मराठी माणसाच्याच इतिहासाचा एक दाखला पडलेला आहे.

कुंभकोणम्‌हून मायिलाडुतुरैकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आडुतुरै हे गाव लागते. १९२२ साली येथे भातसंशोधन केंद्र स्थापन झाले आणि पुढे या गावाच्या नावाची आद्याक्षरे लावलेली भाताची वाणे साऱ्या तमिळ मुलखात पेरली गेली. त्याच्या लगतच तिरुविडैमरुदूर हे क्षेत्र आहे. संस्कृतात त्याला मध्यार्जुन म्हणतात. १७९८ साली तंजावरच्या गादीवरून उतरवले गेलेले अमरसिंह भोसले यांनी आयुष्याची अखेरची वर्षे येथे काढली. ज्या राजाच्या नावाने काल-परवापर्यंत वसूल जमा होत होता, तो आता वेतन घेणारा रहिवासी झाला होता. आडुतुरैच्या शाळेतील मुलाला सत्तेच्या स्वरूपाविषयी काही शिकवावयाचे असेल, तर या शेजारच्या गावापासून आरंभ करता येईल.

येथे शब्दांची थोडी निरवानिरव करणे आवश्यक आहे. तंजावरचे मराठी राज्य म्हणजे विसाव्या शतकातील हुकूमशाही नव्हे. त्याला पक्ष नव्हता, ध्वनिक्षेपक नव्हता, जनमताचा देखावा करण्याची आवश्यकता नव्हती. ते वंशपरंपरेने चालणारे एकतंत्री राज्य होते. हा भेद न करता सर्व राजांना हुकूमशहा म्हणणे ही इतिहासाची चेष्टा होईल. परंतु सत्तेला जाब विचारणारी स्वतंत्र जागा राज्यात आहे की नाही, या एका मुद्द्यापुरती या दोन प्रकारांची तुलना रास्त आहे. किंबहुना ती केल्यानेच दोहोंतील फरकही स्पष्ट होतो.

व्यंकोजी राजांनी १६७६ च्या सुमारास तंजावर घेतले. पुढे १८५५ पर्यंत, मधल्या खंडांसह, हे राज्य भोसल्यांकडे राहिले. त्याचा उदय आणि दृढीकरण पाठ्यपुस्तकी पद्धतीने लिहावयाचे तर लढाया आणि वारस यांची यादी पुरेल. पण या यादीत डोकावून पाहिले की सत्ता राजाच्या एकट्याच्या मुठीत कधीच नव्हती, असे आढळते. १७३६ ते १७३९ या तीन वर्षांत गादीवर अनेक माणसे आली आणि गेली. किल्ल्याचा अधिकारी सय्यद हाच त्या काळात राजे बसवीत आणि उठवीत होता. प्रतापसिंह राजांनी त्याचा काटा काढला, तेव्हा कोठे गादी स्थिरावली. प्रजेच्या दृष्टीने मात्र या उलथापालथीत एक गोष्ट कायम होती. कावेरीच्या पाण्यावर पिकणाऱ्या भाताचा वाटा कोणाला तरी द्यावयाचाच होता, आणि तो घेणारा बदलला तरी मोजणारा सहसा तोच राहत होता.

हा मोजणारा माणूस फार महत्त्वाचा आहे. १७८१ मध्ये हैदर अलीच्या स्वारीने हा सुपीक प्रदेश उजाड केला. गावे ओस पडली, जनावरे गेली, माणसे परागंदा झाली. लागवड पुन्हा मार्गी लागावी म्हणून तुळजाजी राजांच्या कारकीर्दीत सरसुभेदार बाबा पंडित यांनी पट्टकदारीची पद्धत घातली. गावांचे गट करावयाचे, एकेका गटावर एक बडा मिरासदार नेमावयाचा आणि सरकारचा वाटा त्याच्याकडून घ्यावयाचा, असे तिचे स्वरूप होते. योजना सोयीची होती. परंतु थोड्याच वर्षांत पट्टकदार हेच आपापल्या गटाचे धनी बनले. पट्टकदाराविरुद्ध तक्रार करावयाची तर राजापर्यंत पोहोचण्याचा रस्ता त्याच पट्टकदाराच्या दारावरून जात होता. एकतंत्री राज्याचे दृढीकरण म्हणून जे आपण शिकवतो, त्याचे हे खरे अंतरंग आहे. वरचा माणूस आज्ञा देतो, मधला माणूस तिची अंमलबजावणी आपल्या हिताला जपून करतो, आणि खालच्या माणसाला दोघांत भेद करण्याचे साधनच उरत नाही.

तंजावरच्या गादीला त्या वेळी आणखी एक वरिष्ठ मिळालेला होता. १७७३ मध्ये अर्काटच्या नबाबाने कंपनीच्या फौजेच्या साह्याने तंजावर घेतले आणि १७७६ मध्ये कंपनीच्या विलायतेतील संचालकांच्या हुकमाने गव्हर्नर लॉर्ड पिगट याने ते तुळजाजींना परत दिले. या परतफेडीमुळे पॉल बेनफील्डसारख्या सावकारी करणाऱ्या इंग्रजांचे तंजावरच्या वसुलावरील दावे अडचणीत आले, आणि वाद इतका विकोपाला गेला की मद्रासच्या कौन्सिलातील बहुमताने आपल्याच गव्हर्नरला कैदेत टाकले. १७७७ मध्ये पिगट कैदेतच मरण पावला. राज्य घेणे आणि देणे हा प्रजेच्या संमतीचा विषय तर नव्हताच. तो राजाच्या संमतीचाही राहिला नव्हता.

१७८७ मध्ये तुळजाजी वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी दहा वर्षांच्या सरफोजींना दत्तक घेतले होते. मद्रासच्या गव्हर्नरने पंडितांचे मत मागवले. ते दत्तकाविरुद्ध पडले, आणि तुळजाजींचे सावत्र भाऊ अमरसिंह गादीवर बसले. पुढे पादरी श्वार्ट्झ यांनी सरफोजींची बाजू लावून धरली. पुन्हा पंडितांचे मत मागवण्यात आले. या खेपेस ते दत्तकाच्या बाजूने पडले. १७९८ मध्ये अमरसिंह पदच्युत झाले आणि सरफोजी राजे झाले. शास्त्र तेच, प्रसंग तोच, निर्णय मात्र उलटा. विद्यार्थ्याने येथे थांबून विचार करावा. एकाच प्रश्नावर दहा-अकरा वर्षांत दोन विरुद्ध शास्त्रार्थ निघतात आणि अखेरचा शब्द दोन्ही वेळा कंपनीचाच ठरतो, तेव्हा न्यायाचे रूप घेऊन कोण बोलत असते? सत्तेला कायद्याची भाषा नकोशी नसते, तिला ती हवीच असते. हवा नसतो तो कायद्याचा अंतिम अधिकार.

गादीचे मोल लवकरच वसूल करण्यात आले. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने सरफोजींनी राज्याचा कारभार कंपनीच्या स्वाधीन केला. त्यांच्याकडे तंजावरचा किल्ला आणि त्याच्या आतील अधिकार राहिला; खर्चासाठी वर्षाला एक लाख होन आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा ठरला. यानंतरच्या तेहतीस वर्षांत या राजाने जे केले, त्याची कीर्ती योग्यच आहे. सरस्वती महाल ग्रंथालयाला त्यांनी वैभव आणले. धन्वंतरी महालात औषधांचे प्रयोग चालत. डोळ्यांच्या रुग्णांच्या सचित्र नोंदी आजही त्या संग्रहात आहेत. नवविद्या शाळा निघाल्या, देवनागरी छापखाना निघाला आणि १८०६ च्या सुमारास इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर 'बालबोध मुक्तावली' या नावाने तेथे छापून झाले. त्या वेळी पुण्यात मराठी छापखाना नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे या कार्याचे महत्त्व कळते.

परीक्षेच्या साच्यातील 'धोरणे आणि फलित' हा खण सरफोजींच्या बाबतीत असा भरगच्च होतो आणि विद्यार्थी सहजच 'प्रजाहितदक्ष राजा' असा निष्कर्ष लिहितो. निष्कर्ष खोटा नाही, अपुरा आहे. प्रजेचे हित राजाच्या मनावर अवलंबून असणे आणि प्रजेला आपले हित मागण्याचा अधिकार असणे, या दोन भिन्न अवस्था आहेत. पहिली अवस्था चांगल्या राजाच्या अमदानीत सुखाची असते, पण ती त्याच्याबरोबर संपते. सरफोजींच्या स्वतःच्या वाट्याला आलेला अनुभव याचा साक्षी आहे. यात्रेकरूंना अन्न, आजाऱ्यांना औषध आणि मुलांना विद्या देणारी छत्रे ही तंजावरच्या राजघराण्याची जुनी परंपरा. ओरत्तनाडु येथील मुक्तांबाळ छत्र हे तर त्यांनी स्वतः उभारलेले. मुलूख कंपनीकडे गेल्यावर ही छत्रे आपल्याच व्यवस्थेत राहावीत म्हणून १८०१ मध्ये त्यांना रेसिडेंट बेंजामिन टोरिन यास विनंतीपत्र लिहावे लागले. ज्याच्या दारी लोक अर्ज घेऊन येत, तो राजाच अर्जदार झाला होता. त्याचे म्हणणे मान्य होणे न होणे हे आता दुसऱ्याच्या मनावर होते.

१८०३ साली बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा विस्तृत मराठी इतिहास कोरला गेला. बाबूराव चिटणीसांनी तो रचला. भारतातील अत्यंत दीर्घ शिलालेखांत त्याची गणना होते. ज्या राजाकडे मुलूख उरला नव्हता, त्याने आपला वृत्तांत पाषाणावर उतरवून ठेवला, यात करुणा आहे आणि दूरदृष्टीही आहे. राज्य गेले तरी नोंद राहावी, हे त्याला कळले होते. मोडी लिपीतील हजारो कागद तंजावरात जपले गेले तेही याच जाणिवेने. आज ते वाचणारे थोडे आहेत; परंतु ज्यांनी वाचले त्यांना दरबाराचा जमाखर्च, उत्सव, देणग्या, नेमणुका यांचे सूक्ष्म तपशील मिळाले.

सरफोजींचे पुत्र दुसरे शिवाजी २९ ऑक्टोबर १८५५ रोजी पुत्राविना वारले. डलहौसीच्या सरकारने राज्य खालसा झाल्याचे जाहीर केले. खालसा होण्यासारखे उरले होते ते एका किल्ल्याएवढेच. पण १८५६ च्या ऑक्टोबरात राजवाड्याची खासगी मालमत्ताही सरकारने ताब्यात घेतली. थोरल्या राणी कामाक्षीबाई यांनी मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात फिर्याद लावली. त्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. सरकार प्रिव्ही कौन्सिलकडे गेले आणि १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. ही जप्ती म्हणजे राजसत्तेचे कृत्य आहे. ती न्याय्य आहे की अन्याय्य, हे ठरवण्याचा अधिकार कोणत्याही न्यायालयाला नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. राणीची बाजू खोटी आहे, असे न्यायमूर्तींनी म्हटले नाही. ती तपासण्याचे स्थान आपले नाही, एवढेच त्यांनी म्हटले. १८६२ मध्ये सरकारने ही मालमत्ता राणीला परत दिली. ती हक्क म्हणून मिळाली नाही, कृपा म्हणून मिळाली.

हा खटला माध्यमिक शाळेच्या पाठ्यपुस्तकात क्वचितच येतो. 'संस्थाने खालसा करण्याचे धोरण' या शीर्षकाखाली तंजावर हे एक नाव असते, आणि १८५७ च्या उठावाच्या कारणांत त्याचा समावेश होतो. वस्तुतः एकाधिकारशाही राज्य ओळखावयाचे कसे, हे शिकवण्यास या खटल्याइतके स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण आहे. येथे छळछावणी नाही, संचलन नाही, पुढाऱ्याचा पुतळा नाही. सुशिक्षित न्यायाधीश आहेत, वकील आहेत, युक्तिवाद आहेत; आणि या सर्वांच्या शेवटी दार बंद आहे. वासाहतिक सत्ता ही एकाधिकारशाहीच्या यादीत आपण घालीत नाही, कारण तिने कायद्याचे राज्य आणले असे आपण दुसऱ्या प्रकरणात शिकलेलो असतो. दोन्ही प्रकरणे एकत्र वाचली, तर त्या कायद्याची सीमा कोठे आखलेली होती ते दिसते.

वीस वर्षांच्या आत याचे दुसरे प्रात्यक्षिक बडोद्यास घडले, आणि त्यात कुंभकोणम्‌चा एक मराठी पुरुष उत्तरार्धी अवतरला. रेसिडेंट फेअर याच्यावर विषप्रयोग केल्याच्या आरोपावरून मल्हारराव गायकवाडांची १८७५ मध्ये चौकशी झाली. चौकशी मंडळात तीन इंग्रज आणि तीन हिंदी सदस्य होते. इंग्रजांनी आरोप सिद्ध मानला, शिंदे सरकार, जयपूरचे महाराज आणि दिनकरराव यांनी मानला नाही. मते समसमान पडली तरी मल्हाररावांना गैरकारभाराच्या कारणावरून पदच्युत करण्यात आले. त्यानंतर बडोद्याची घडी बसवण्यासाठी दिवाण म्हणून आले ते सर टी. माधवराव. १८२८ साली कुंभकोणम् येथे तंजावरी मराठी देशस्थ घराण्यात त्यांचा जन्म झाला होता. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशी तीन संस्थाने त्यांनी चालवली. त्रावणकोरात त्यांनी मक्तेदाऱ्या मोडल्या, खजिना सावरला, शाळा काढल्या. आणि १८७२ मध्ये महाराजांची मर्जी फिरताच त्यांना ते पद सोडावे लागले. त्रावणकोरच्या सुधारणा विद्यार्थी महाराजांच्या नावावर मांडतो. त्या करणारा माणूस कुंभकोणम्‌चा होता. त्याच्या कर्तृत्वालाही राजाच्या मर्जीपलीकडे आधार नव्हता. एकतंत्रात सर्वांत कर्तबगार सेवकही दाद मागण्याच्या बाबतीत प्रजाजनच असतो.

आतापर्यंत जे अर्जदार आले ते राजे, राण्या आणि दिवाण होते. त्यांचे अर्ज फेटाळले गेले, पण निदान लिहिले गेले. या खोऱ्यातील भाताच्या शेतात चिखलात उभे राहून लावणी करणाऱ्या पळ्ळर आणि परैयर मजुरांचे काय? त्यांतील पुष्कळ जण मिरासदारांचे दास होते; जमिनीबरोबर त्यांचीही देवघेव होत असे. १८४३ च्या पाचव्या कायद्याने कंपनीच्या न्यायालयांनी दासावरील मालकीचा दावा मान्य करू नये, असे ठरले. म्हणजे मालकासाठी न्यायालयाचे एक दार बंद झाले. दासासाठी दार उघडले असे मात्र झाले नाही. कारण त्याला जमीन नव्हती, अक्षर नव्हते, आणि गावात साक्ष देईल असा दुसरा माणूस नव्हता. मराठ्यांचे राज्य गेले, कंपनीचे आले, राणीचे आले. बांधावरचा संबंध फारसा हलला नाही. तंजावर कूळ व पण्णैयाळ संरक्षण कायदा १९५२ मध्ये झाला, तेव्हा प्रथमच या बांधील मजुराला कायद्याने काही हक्क दिले. त्यानंतरही १९६८ च्या २५ डिसेंबरला त्या वेळच्या तंजावर जिल्ह्यातील कीळवेण्मणी येथे मजुरीच्या तंट्यातून ४४ दलित स्त्री-पुरुष आणि मुले एका झोपडीत जिवंत जाळली गेली, आणि उच्च न्यायालयात आरोपी जमीनदारांची सुटका झाली. लोकशाही राज्यातही एखाद्या समूहासाठी एकतंत्र शिल्लक राहू शकते, हे विद्यार्थ्याने लिहिले तर ते विषयांतर मानू नये.

आता युरोपातील ठराविक उदाहरणांकडे वळले तर ती निराळी दिसू लागतात. जर्मनीच्या संदर्भात विद्यार्थी २३ मार्च १९३३ चा अधिकारदान कायदा आणि ४४४ विरुद्ध ९४ ही मते पाठ करतो. ती महत्त्वाची आहेतच. परंतु त्याच्या आधी, २८ फेब्रुवारीच्या फर्मानाने व्यक्तिस्वातंत्र्य स्थगित झाले होते आणि 'संरक्षक कैद' या नावाखाली माणसाला चौकशीविना डांबता येऊ लागले होते. १० फेब्रुवारी १९३६ च्या प्रशियातील कायद्याने तर गेस्टापोची कृत्ये प्रशासकीय न्यायालयांच्या कक्षेबाहेर काढली. कामाक्षीबाईंना जे सांगण्यात आले होते, त्याचे हे विसाव्या शतकातील, पोलिसी आणि सार्वत्रिक रूप. इटलीत नोव्हेंबर १९२६ मध्ये राजकीय गुन्ह्यांसाठी विशेष न्यायाधिकरण झाले. सोव्हिएत रशियाने १९३६ च्या राज्यघटनेत भाषण आणि मुद्रण स्वातंत्र्य लिहून दिले, आणि १९३७ मध्ये तीन-तीन माणसांची मंडळे आरोपीच्या अनुपस्थितीत मृत्युदंड ठरवू लागली. तिन्ही देशांची ध्येयधोरणे भिन्न होती. दार बंद करण्याची कृती मात्र तिन्ही ठिकाणी आरंभीच्याच कृत्यांत मोडते किंवा दहशतीच्या ऐन भरात येते, आणि ती केव्हा व कशी झाली हे सांगितले की दृढीकरणाचा खण आपोआप जिवंत होतो. फरकही येथेच उमजतो. जुने एकतंत्र प्रजेकडून आज्ञापालन आणि वसूल मागत होते. नव्या हुकूमशाहीला याशिवाय प्रजेचे मन आणि जयजयकारही हवा होता.

आणि शेवटी आपला देश. २५ जून १९७५ च्या रात्री अंतर्गत आणीबाणी पुकारली गेली. दोन दिवसांनी राष्ट्रपतींच्या आदेशाने घटनेच्या चौदाव्या, एकविसाव्या आणि बाविसाव्या कलमांखालील हक्कांसाठी न्यायालयात जाण्याचा अधिकार स्थगित झाला. तमिळनाडूतील द्रविड मुन्नेट्र कळघमचे सरकार ३१ जानेवारी १९७६ रोजी बरखास्त झाले. मद्रासच्या मध्यवर्ती तुरुंगात राजबंद्यांना झालेल्या मारहाणीची चौकशी पुढे न्यायमूर्ती इस्माईल यांच्या आयोगाने केली. महाराष्ट्रात १९७५ च्या डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत लेखनस्वातंत्र्याच्या बाजूने निर्भयपणे बोलल्या, आणि पुढे त्यांना अटक झाली. स्थानबद्धांनी देहोपस्थितीचे अर्ज केले. नऊ उच्च न्यायालयांनी ते ऐकून घेण्याजोगे मानले. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जबलपूरच्या प्रकरणात चार विरुद्ध एक मताने निर्णय दिला की, आणीबाणीत असा अर्ज करण्याचा अधिकारच नाही. १८५९ आणि १९७६ या निर्णयांमध्ये एकशे सतरा वर्षांचे, एका स्वातंत्र्यलढ्याचे आणि एका राज्यघटनेचे अंतर आहे. दार मात्र तसेच बंद झाले.

तथापि कथा तेथे संपत नाही, आणि कसोटीचा खरा उपयोग येथेच होतो. न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी विरुद्ध मत लिहिले. त्याची किंमत म्हणून १९७७ च्या जानेवारीत त्यांना डावलून कनिष्ठ न्यायाधीशाला सरन्यायाधीश करण्यात आले आणि त्यांनी राजीनामा दिला. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्कासाठी दाद मागण्याचा अधिकार आणीबाणीतही स्थगित होणार नाही, अशी तजवीज केली. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जबलपूरचा निर्णय चुकीचा ठरवला. १९७६ च्या बहुमतात पुण्यात जन्मलेले न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते. २०१७ चा तो निकाल लिहिणाऱ्यांत त्यांचे पुत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड होते. कामाक्षीबाईंना मालमत्ता कृपेने परत मिळाली होती. येथे दुरुस्ती कायद्याने झाली, निवडणुकीने झाली, आणि ज्या संस्थेने चूक केली तिनेच ती नोंदवली. लोकशाही आणि एकाधिकारशाही यांतील भेद विचारणाऱ्या प्रश्नाचे उत्तर याहून नेमके देता येणार नाही. लोकशाहीतही दार बंद होऊ शकते. पण ते उघडण्याचा मार्ग शिल्लक राहतो, आणि तो शिल्लक राहील की नाही हे नागरिकांच्या जागृतीवर ठरते.

परीक्षार्थ्याने या सर्वाचा उपयोग कसा करावा, असे शिक्षक विचारतील. वीस-पंचवीस ओळींच्या उत्तरात तंजावरचा समग्र वृत्तांत मावणार नाही, आणि मावण्याची गरजही नाही. उदयाच्या खणात कोणाच्या संमतीने सत्ता आली हे लिहावे. दृढीकरणाच्या खणात दाद मागण्याची कोणती जागा केव्हा बंद झाली, ते तारखेसह लिहावे. धोरणांच्या खणात दिलेल्या सोयींबरोबर त्या मागण्याचा अधिकार होता का, ते विचारावे. आणि फलिताच्या खणात ज्यांचे कागद उरले नाहीत त्यांच्यासाठी एक वाक्य राखून ठेवावे. या पद्धतीने लिहिलेले उत्तर पाठांतराच्या उत्तरापेक्षा लांब होणार नाही, मात्र ते लिहिताना विद्यार्थ्याला पुस्तक मिटून विचार करावा लागेल.

बृहदीश्वराच्या भिंतीवर राजघराण्याचा वृत्तांत आहे. सरस्वती महालात दरबाराचे कागद आहेत. कामाक्षीबाईंचे म्हणणे विधिग्रंथांत छापलेले आहे. आडुतुरैच्या शेतांतून ज्यांनी दोन शतके भात पिकवला, त्यांची कैफियत या तिन्ही ठिकाणी जवळजवळ नाही. इतिहास शिकणाऱ्या मुलाला ही रिकामी जागा दाखवणे, आणि ती का रिकामी राहिली हे त्याच्याकडून त्याच्या शब्दांत लिहवून घेणे, हे माध्यमिक शाळेच्या आवाक्यातले काम आहे. ते केले, तर दूरच्या हुकूमशहांची नावे विसरल्यावरही त्याला आपल्या काळात एखादे दार बंद होताना ओळखता येईल.